उन्हात ठेवलेला बुधला

मामपांझाच्या हातच्या टोपल्या डर्बनच्या एका मोठ्या दुकानात काचेआड, दिव्याखाली ठेवलेल्या असतात, हे ह्लाबिसाच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुकानवाल्यांनी दिलेलं प्रमाणपत्र तिनं चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं आणि त्यावर पाल बसली की ती झाडू घेऊन धावायची. काम होतंच तसं कौतुकाचं. इलाला या ताडाची कोवळी पात ती नखानं अशी चिरायची की दोन पट्ट्यांत केसाचा फरक नसे. मुळ्या उकळून काढलेला तपकिरी रंग तिच्या हातून कधी फिका पडला नाही. पंधरा वर्षं हे चाललं होतं, आणि या पंधरा वर्षांत तिच्या एकाही टोपलीत कुणी मूठभर ज्वारीसुद्धा ठेवली नव्हती. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं, म्हणून खपून गेलं होतं.

बोलली ती मान्यावो.

मान्यावो म्हणजे होणारी विहीण. दोघींचीही नावं अर्थात माहेरच्या कुळांची. लग्न होऊन आलेल्या बाईला आमच्याकडे तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची कुणाची टाप आहे? मामपांझाच्या धाकट्या दिराची मुलगी कोंदेनी हिचं लग्न मान्यावोच्या मुलाशी ठरलं होतं. कोंदेनीची आई ती चार वर्षांची असतानाच गेली. तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, प्रसंगी बदडलं ते मामपांझानं. मुलाकडच्यांनी गाई किती द्यायच्या याची बोलणी पुरुषांनी दोन दिवस खल करून उरकली, आणि मग मान्यावो घर बघायला आली. हाडापेरानं दणकट बाई. माहेर समुद्राकडच्या सखल भागात, जिथे इलालाची बनंच्या बनं आहेत आणि बाया बोलता बोलता विणतात. आली ती पाणीसुद्धा न पिता थेट भिंतीपाशी गेली आणि टांगलेल्या टोपल्या निरखायला लागली.

"सुंदर आहेत हो," ती म्हणाली. "यांत काय ठेवता?"

"काही नाही. शहरातले लोक भिंतीवर लावतात."

"अस्सं." मान्यावोनं एका टोपलीवर टिचकी मारली. "आमच्याकडे टोपलीत काहीतरी असतं, विहीणबाई."

मामपांझाच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडातून काय निघतंय हे कळायच्या आत ती बोलून बसली, "उम्बोंदोच्या दिवशी तुमच्या पूर्वजांची बियर मी विणलेल्या बुधल्यातून येईल!"

खोलीतल्या सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. उम्बोंदोला मुलीकडच्या बायका डोक्यावर ज्वारीची बियर, पीठ, साखर घेऊन गात गात मुलाच्या घरी जातात, आणि त्यातलं पहिलं भांडं पूर्वजांचं असतं. पूर्वी ते भांडं म्हणजे पातीचा विणलेला बुधलाच असायचा. गळा बाटलीसारखा निमुळता, वर विणलेलं झाकण, आणि वीण इतकी घट्ट की आतली बियर आतच राहायची. आता बियर पांढऱ्या प्लास्टिकच्या बादल्यांतून जाते आणि कुणाचं काही अडत नाही. मामपांझानं शेवटचा बुधला विणला तो तिची आई जिवंत असताना, आणि त्याचाही गळा आईनंच पुरा करून दिला होता.

"वा!" मान्यावो म्हणाली. "मग मी वाट बघते."

पाहुणी गेल्यावर थेंगीनं आईला फैलावर घेतलं. थेंगी ही मामपांझाची थोरली लेक. म्तुबातुबाच्या बाजारात एका मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची जीभ चांगली परजली गेली होती.

"आई, कुणी सांगितलं होतं गं तुला? बादली न्यायची होती ना, झालं असतं!"

"तिनं टिचकी मारली."

"मारली तर मारली. टोपलीला मारली, तुला नाही. आणि गळला म्हणजे?"

गळला म्हणजे काय होईल, हे मामपांझाला थेंगीनं सांगायला नको होतं. पूर्वजांच्या वाट्याची बियर वाटेत सांडत आलेली सून, असं कोंदेनीचं नाव पडेल. चूल पेटली नाही तरी तेच निघेल, गाय आटली तरी तेच निघेल, आणि नातवंडं झाली तरी कुणीतरी म्हातारी म्हणेलच, ही ती गळक्या घरची. पोरीला आई नव्हती. माहेर म्हणजे मामपांझाच. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, ती मामपांझानं कुणाला सांगितली नाही. आपल्याला खरंच विणता येतं की नुसतं शोभेचं करता येतं, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

पहिला बुधला तिनं महिन्याभरात उभा केला. दिसायला असा की थेंगीनंसुद्धा तो हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितला. मामपांझानं तो घरामागे नेला, दोन दिवस भिजवला आणि पाण्यानं भरला. पाणी चारी अंगांनी झिरपलं. पार बुडापासून गळ्यापर्यंत, जणू काही त्याला रडायला निमित्तच हवं होतं. मग तिनं सुरी घेतली, बुधला उभा चिरला आणि आतली वीण बघितली. पात ज्या गवताच्या जुडीभोवती गुंडाळतात ती जुडी जाडजूड होती, कारण जाड गवतावर टोपली लवकर वाढते. टाके देखणे होते, सारखे होते, पण दोन टाक्यांच्या मधे दाभणाचं टोक सहज जात होतं. पंधरा वर्षांत हाताला ही सवय कधी लागली, तिला पत्ताही लागला नव्हता.

"मी एक सांगू?" थेंगी म्हणाली आणि दुकानातून आणलेली एक जाडजूड प्लास्टिकची पिशवी तिनं आईपुढे धरली. "ही आत घाल. गळ्यापाशी दुमडून शिव. कोण हात घालून बघणार आहे?"

"चालती हो!"

"अगं, बियर पूर्वजांना पोचल्याशी मतलब."

"चालती हो म्हणते ना! पूर्वजांना काय, गल्ल्यावरून पिशवीत भरून देणार आहेस?"

थेंगी हसत हसत गेली. पिशवी मात्र तिथेच राहिली. मामपांझानं ती फेकायला म्हणून उचलली, आणि मग घडी घालून कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली. कशाला ठेवली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुसरा बुधला तिनं आईच्या पद्धतीनं सुरू केला. गवत सुईच्या जाडीचं. पात सतत ओली. टाका ओढताना पट्टीचं टोक दातात धरायचं आणि मान मागे न्यायची, कारण हातात जेवढा जोर असतो त्याहून मानेत जास्त असतो. दाभण आत जाताना करकरलं नाही तर टाका उसवायचा. दिवसाकाठी दोन बोटं वीण झाली तर नशीब. तिसऱ्या आठवड्यात दाढ हलायला लागली, पाचव्यात हाताची बोटं सकाळी उघडेनात. कोंदेनी कोमट पाण्यात तिची बोटं धरून बसायची.

"मोठीआई, बादलीच नेऊ या ना," पोर म्हणायची. "मला काही वाटणार नाही."

"तुला नाही वाटणार. मला वाटेल. पाणी गार झालं, दुसरं आण."

मधेच डर्बनच्या दुकानातली बाई गाडी घेऊन आली. अर्धा झालेला बुधला बघून ती अंगणात खालीच बसली. बोटांनी चाचपत राहिली आणि म्हणाली की असं काम तिनं आयुष्यात पाहिलेलं नाही, हा प्रदर्शनात हवाच. मामपांझा तिला नाही म्हणाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. नाही म्हटल्यावर तिला जरा भीती वाटली आणि मग भूक लागली.

उम्बोंदोच्या चार दिवस आधी बुधला पुरा झाला. तिनं तो भिजवला, भरला, आणि दिवसभर त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. एक थेंब आला नाही. संध्याकाळी पाणी ओतून टाकताना मामपांझा रडली, आणि थेंगीनं बघितलं म्हणून तिच्यावरच ओरडली.

आता ऐका काय झालं ते. उम्बोंदोच्या दिवशी पहाटे उठून मामपांझानं ओल्या पोत्यात गुंडाळलेला बुधला बाहेर काढला. हात फिरवला. ओलसर लागला. आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं, मनात दुसराच विचार चालू असताना, तिनं तो अंगणात खडकावर उन्हात ठेवला. दुकानात माल पाठवायचा तर कोरडाठाक लागतो. ओला गेला की बुरशी धरते. मग ती बियर गाळायला लागली, बायका जमल्या, पिकअप यायची वेळ झाली. तोवर चांगलं चटचटीत ऊन लागून बुधला वाळून खडखडीत झाला होता, रंग तर असा खुलला होता की बायका "अगं बाई, केवढा सुंदर!" म्हणत होत्या.

मामपांझानं बियर ओतली. बुडाशी एक थेंब दिसला, मग तीन, मग एक बारीक धार.

आई काय सांगायची? बुधला तहानेला असतो, आधी त्याला पाजायचं, मग माणसांना. तीन दिवस पाजलं, आणि ऐन वेळी उन्हात ठेवून तहानेनं मारलं! अशी चूक कालची पोर करणार नाही. अशी चूक करायला दुकानात नाव व्हावं लागतं.

बाहेर पिकअपचा भोंगा वाजला.

"आई, ती पिशवी कुठाय?" थेंगी कुजबुजली. "टाकलीस ना? तुला सांगत होते मी!"

"टाकली," मामपांझा म्हणाली. पिशवी तिच्या चोळीत होती. पहाटे कपडे घालताना तिनं ती पेटीतून काढून आत खोचली होती. आता ती छातीशी कुरकुरत होती. दोन मिनिटांचं काम होतं. बियर बादलीत काढायची, पिशवी आत सारायची, गळ्याशी दुमडायची. कुणाला कळलं नसतं. दाढ, बोटं, सात आठवडे, सगळं त्या पिशवीभोवती एक शोभेची खोळ होऊन गेलं असतं. तिनं बुधल्याकडे बघितलं. या टाक्यांतला एकेक टाका तिला ओळखत होता.

"उचल," ती थेंगीला म्हणाली. "पीत पीत येईल तो."

"आणि नाही प्यायला तर?"

"तर मी तिथे सांगेन की माझा बुधला गळतो. उचल!"

नेहमी मुलीच्या आईनं अशा वेळी घरीच थांबायचं असतं. पण कोंदेनीला आई नव्हती आणि मोठीआईला मनाई नव्हती, म्हणून मामपांझा पिकअपच्या मागच्या बाजूला थेंगीसमोर बसली. बुधला थेंगीच्या मांडीवर. नदीपाशी पोचेपर्यंत थेंगीचा नवा घागरा भिजून मांडीला चिकटला आणि ती आईकडे अशी बघत होती की बोलायची गरजच नव्हती. आमच्याकडे पाऊस उन्हाळ्यातच पडतो, आणि त्या पुरानं नदीवरचा फरशीपूल वाहून गेला होता, तेव्हा पुढचा तासाभराचा चढ पायी. बायकांनी बादल्या डोक्यावर घेतल्या, गाणं धरलं. थेंगीनं चुंबळ ठेवली, वर बुधला ठेवला आणि चालू लागली. तिच्या मागे पावलावर पाऊल ठेवून मामपांझा.

चुंबळ भिजली आणि थेंगीच्या मानेवरून एक ओघळ निघाला. मामपांझानं तो बोटानं टिपला आणि जिभेला लावला. आंबट. बियर.

"आई, काय करतेयस?"

"गा तू."

चढ सुरू झाला. निम्म्या वाटेवर चिंचोळ्या पायवाटेला पुन्हा एक ओघळ आला. टिपला. अजून आंबटच, पण तिला वाटलं, जरा कमी. वाटलं म्हणजे काय, जिभेवर भरवसा ठेवावा असं तेव्हा तिचं मन नव्हतं. पुढच्या बायका गाण्यात दंग होत्या. कोंदेनी दोनदा मागे वळून बघून गेली आणि दोन्ही वेळा मामपांझानं तिला हातानं पुढे हाकललं. मनातल्या मनात ती बुधल्याला लहान मुलासारखं चुचकारत होती. पी रे बाबा. पी, फुग, बंद हो.

खिंडीत सगळ्या दम खायला थांबल्या. ऊन मी म्हणत होतं. थेंगीच्या मानेवर पाण्याचे मोठे थेंब जमले होते. मामपांझाचा हात जागचा हलेना. शेवटी तिनं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

तिनं पुन्हा टिपलं. खारटच. घाम होता, नुसता घाम! मामपांझा खिंडीतल्या दगडावर मटकन बसली आणि इतक्या मोठ्यानं हसायला लागली की गाणं थांबलं.

"चढानं डोक्यावर परिणाम झालाय," थेंगीनं सगळ्यांना सांगितलं. "पाणी द्या हिला."

मान्यावो फाटकाशीच उभी होती. बायकांचा जल्लोष झाला, मोठ्यांना नमस्कार झाले, आणि ती कुणाकडे न बघता थेंगीपाशी आली. तिनं बुधला स्वतःच्या हातांनी उतरवला. तिचा पंजा बुडाखाली गेला आणि तिथेच थांबला.

"ओला आहे," ती म्हणाली.

अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. कोंदेनीनं मान खाली घातली.

मामपांझानं वाटेत चार सबबी तयार ठेवल्या होत्या. त्यातली एकही आठवली नाही. "भरला तेव्हा गळला," ती म्हणाली. "सकाळी उन्हात ठेवला मी. वाटेत फुगून बंद झाला."

"उन्हात? भरायचा बुधला कोण ठेवतं उन्हात?"

"जी पंधरा वर्षं भिंतींसाठी विणते, ती."

बुधला घेऊन मान्यावो पूर्वजांच्या गोल घरात शिरली, शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर मधोमध तो ठेवला आणि म्हणाली, "आधी बादल्या संपू देत, पूर्वज थांबतील. याला कुणी हात लावायचा नाही."

बादल्या संपायला दुपार झाली. बकरं कापलं, शिजलं, खाऊन झालं. पुरुषांची भाषणं झाली, ती नेहमीप्रमाणे गाईंच्या वाटेनं निघून गाईंपाशीच संपली. मामपांझा दाराशी चटईवर पाय दुमडून बसून होती आणि तिनं मांसाचा एक तुकडाही गिळला नाही. शेवटी मान्यावो उठली. खाली गुडघ्यांवर बसून तिनं बुधला दोन्ही हातांनी उचलला.

खाली जमिनीवर बुडाच्या आकाराचं एक ओलसर कडं उमटलं होतं. ओघळ नव्हता, थारोळं नव्हतं. एक मुंगीसुद्धा आली नव्हती, आणि आमच्याकडे बियर सांडली तर मुंग्यांना निमंत्रण लागत नाही. मान्यावोनं बुधल्याच्या पोटाला गाल लावला. डोळे मिटले. मग बोटांनी एकेक वेढा चाचपत ती गळ्यापर्यंत गेली आणि परत बुडापर्यंत आली.

"गळत नाहीये," ती म्हणाली. "घाम आलाय याला. आत थंडगार असणार."

रीतीप्रमाणे बियर करणाऱ्या बाईनं पहिला घोट घ्यायचा. मामपांझानं गुडघे टेकून घेतला. बियर ओढ्याच्या पाण्यासारखी गार होती. दुसरा घोट मान्यावोनं घेतला, आणि मग उठून ती घराच्या मागच्या भिंतीशी गेली, जिथे पूर्वज बसतात आणि जिथे पाहुण्यांनी जायचं नसतं. तिथे खुंटीला एक जुनापुराणा बुधला टांगलेला होता, उंदरांनी बूड खाल्लेला.

"माझ्या आईचा," ती पाठमोरीच म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी चार विणले, विहीणबाई. चारही गळले. मग सोडून दिलं."

तिनं आईचा बुधला बाजूला उंच टांगला आणि त्याच्या जागी, खाली जमिनीवर, मामपांझाचा भरलेला बुधला ठेवला. "कोंदेनी," तिनं हाक मारली, "हा आता इथेच राहील. रिकामा झाला की भरायचं काम तुझं. आणि उन्हात ठेवलास तर बघ!"

कोंदेनीनं मोठीआईकडे बघितलं. मामपांझाला तिचा चेहरा नीट दिसला नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी ते लपवायची तिला शुद्ध नव्हती. मग मात्र तिला अशी कडकडून भूक लागली की तिनं शेजारणीच्या ताटलीतलं मांस उचलून खाल्लं.

निघताना मान्यावोनं कोंदेनीच्या माहेरच्या बायकांसाठी बकऱ्याचा अख्खा फरा आणून थेंगीच्या हातांत ठेवला. रस्सा बोटांतून ठिबकत होता.

"अगं, कुणाकडे पिशवी आहे का?" थेंगी ओरडली. "घागरा एकदा भिजलाय तेवढा पुरे!"

मामपांझानं चोळीत हात घातला आणि घडी घातलेली जाडजूड पिशवी काढून तिच्यापुढे धरली. थेंगी पिशवीकडे बघत राहिली, मग आईकडे, मग परत पिशवीकडे.

"टाकली म्हणालीस ना?"

"मांस न्यायला लागेल म्हणून ठेवली होती," मामपांझा म्हणाली.

पिशवी चांगली निघाली. घरापर्यंत एक थेंब सांडला नाही.